गावकीने वाळीत टाकलं तर पहिलं दार कोणाचं ठोठवायचं?

डोंगरवाट (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार,

दक्षिण रायगडातल्या एका गावातलं हे चालू प्रकरण आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण त्या कुटुंबाला अजून तिथेच राहायचं आहे. माझ्या जुन्या सहकाऱ्याचं घर. देवळाच्या वाटेला लागून असलेल्या जागेवरून वाद झाला, त्यांनी दिवाणी दावा लावला. गावकीची बैठक बसली आणि "गाव सोडून कोर्टात का गेलात?" एवढ्यावर दंड ठोठावला. दंड जागेसाठी नव्हता, कोर्टात जाण्यासाठी होता. त्यांनी तो भरला नाही.

तेव्हापासून कोणी शिवी दिलेली नाही की हात उचललेला नाही. गिरणीवाल्याने दळणाचा डबा तसाच परत दिला, झाकणसुद्धा न उघडता. किराणावाला म्हणतो "माल संपलाय". शिमग्याला पालखी त्यांच्या दारावरून न थांबता पुढे गेली. वहिनींनी ओटीचं ताट तयार ठेवलं होतं. कोकणातल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. विधिमंडळाने तो एप्रिल 2016 मध्ये एकमताने मंजूर केला आणि 3 जुलै 2017 पासून तो लागू आहे. पण त्या गावात तो कोणाला माहीत नाही. पोलीस ठाण्यात गेल्यावर उत्तर मिळालं, "हा तुमचा गावातला आपसातला मामला आहे, मिटवून घ्या."

माझा प्रश्न सरळ आहे. अशा घराने पहिल्यांदा कुठे जायचं? पोलीस, कोर्ट, तहसीलदार की एखादी संघटना? ज्यांनी असं प्रकरण जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

नीलाक्षी_द

मी वकिली करते, त्यामुळे आधी कायद्यात काय आहे ते सांगते.

वाळीत टाकणं आणि त्यासाठी बैठक घेणं, दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्काराच्या निर्णयाच्या बाजूने मत देणाराही आरोपी होऊ शकतो. "मी फक्त हात वर केला होता" हा बचाव टिकत नाही. लग्नकार्य किंवा अंत्यसंस्कारात अडथळा, देवळात, समाजमंदिरात किंवा स्मशानात मज्जाव, व्यवहार तोडणं, तोडायला लावणं, हे सगळं यात येतं. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाची परवानगी घ्यावी लागत नाही. जामीनपात्रही आहे. दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून 6 महिन्यांत खटला संपवावा, असंही कायदा म्हणतो.

आणि महत्त्वाचं म्हणजे पीडित व्यक्ती किंवा तिच्या घरातलं कोणीही पोलिसांकडे जाऊ शकतं, किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतं.

"आपसातला मामला" हे उत्तर बेकायदा आहे. तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये ललिताकुमारी प्रकरणात सांगितलंय.

बाळू_मुलुंड

कायदा ठीक आहे हो ताई, पण उद्या त्या माणसाच्या घरी मयत झाली तर खांदा द्यायला न्यायदंडाधिकारी येणार का?

नीलाक्षी_द

बाळूदादा, नाही येणार. पण ही भीती दाखवूनच तर दंड वसूल होतो.

आबा_पाटणकर

धाग्याचा सूर गावकीच्या विरोधात चाललाय म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या गावात नळपाणी योजना येण्याच्या कितीतरी आधी गावकीने वर्गणी काढून विहीर बांधली. वणवा लागला तर पहिली हाक गावकीची असते. मुंबईत कोणी वारलं तर गावच्या मुंबईतल्या मंडळाची माणसं रात्री गाडी करून मयत गावी पोचवतात. या व्यवस्थेने गाव धरून ठेवलंय. शहरात बसून सगळ्याच गावक्यांना गुन्हेगारांच्या रांगेत बसवू नका, एवढंच म्हणणं आहे.

डोंगरवाट

आबा, तुमचा शब्दन् शब्द मान्य. मीही अशाच गावकीत वाढलो. विहीर बांधणाऱ्या गावकीला हा कायदा हातही लावत नाही. पण त्या विहिरीवरून कोणाला हाकलायचं हे ठरवण्याचा अधिकार तिला कोणी दिला? आमच्या प्रकरणात तर दंड कोर्टात गेल्याबद्दल आहे. न्याय मागायला गेलं म्हणून शिक्षा!

इतिहासप्रेमी_महाड

रायगडचा विषय निघालाय म्हणून थोडं मागे जातो.

1923 मध्ये मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं. कागद झाला, पण तळ्याकडे जाण्याची हिंमत कोणाची होईना. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडच्या परिषदेला जमलेल्या हजारोंसह तळ्यावर गेले तेव्हा त्या ठरावात प्राण आला. त्यानंतर परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले, गावोगाव बहिष्कार पडले.

पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या सत्याग्रहासाठी लोक महाडला जमण्याआधीच कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आला. लोक चिडलेले होते, तळं समोर होतं. तरीही बाबासाहेबांनी हुकूम मानला, सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला मार्च 1937 मध्ये. दहा वर्षं! रस्त्यावरची चळवळ आणि कोर्टातली लढाई एकाच माणसाने एकाच वेळी चालवली.

1928 साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीतही ते होते. अस्पृश्यांनी हक्क बजावला की कसायला दिलेली जमीन काढून घेतात, काम बंद करतात, दुकानदार वाणसामान देत नाही, हे त्या समितीच्या 1930 च्या अहवालात नोंदलेलं आहे. डोंगरवाट यांच्या गावच्या किराणावाल्याची गोष्ट वाचून मला तोच अहवाल आठवला. पुढे राज्यघटना तयार होताना बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली होती. महाराष्ट्राने तसा कायदा केला तो 2016 मध्ये.

मीरा_सांगली

सुंदर प्रतिसाद. मनाईहुकूम मानल्याचा प्रसंग शाळेत शिकवला पाहिजे.

किरण१९७१

इतिहासप्रेमी, छोटी भर. मुंबई राज्यात 1949 मध्येच बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा झाला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणं हा पंथाच्या धर्मविषयक कारभाराचा भाग आहे, असं बहुमताचं म्हणणं होतं. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र विरोधी निकाल लिहिला. त्या निकालाचा फेरविचार व्हावा हा प्रश्न 2023 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला गेला.

त्या बोहरा सुधारकांनी काय सोसलंय ते वाचून पाहा. स्वतःच्या आईच्या दफनाला जाता येत नाही म्हणजे काय, हे आपल्याला कळत नाही.

निवृत्त_फौजदार

पोलीस खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे ठाण्याच्या बाजूचंही कोणीतरी लिहायला हवं.

डोंगरवाट, तुमच्या सहकाऱ्याला मिळालेलं उत्तर चुकीचंच. पण तसं उत्तर का दिलं जातं ते समजून घ्या. एक, अनेक अंमलदारांना हा कायदा माहीत नसतो. चोरी-मारामारीची कलमं पाठ असतात, हा कायदा वर्षानुवर्षं एकदाही वापरायची वेळ आलेली नसते. दोन, आरोपी म्हणून अर्धं गाव उभं राहतं. बंदोबस्त, नेत्यांचे फोन, गणपतीत त्याच गावकीची मदत लागणार, हे सगळं अधिकाऱ्याच्या डोक्यात असतं. तीन, पुरावा. "माझ्याशी कोणी बोलत नाही" एवढ्यावर गुन्हा उभा राहत नाही. न बोलण्याचा हक्क प्रत्येकालाच आहे. बोलायचं नाही असं ठरवून, बैठक घेऊन, बोलणाऱ्याला दंडाची धमकी दिली, हे दाखवावं लागतं.

म्हणून तक्रार तोंडी देऊ नका. तारीखवार लिहा. कोणत्या दिवशी बैठक, कुठे, कोण हजर, कोण काय म्हणालं, कोणत्या दुकानदाराने कधी नकार दिला. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. अधिकारी नाही म्हणाला तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, तशी तरतूद आधीपासून होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. लेखी आणि तारखांसह अर्ज समोर आला की अधिकाऱ्यालाही तो बाजूला ठेवता येत नाही. वरून विचारणा झाली तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

बाळू_मुलुंड

फौजदारसाहेब, पुराव्याचं म्हणाल तर आमच्या शेजारच्या गावात पंचांनी दंड घेऊन चक्क पावती दिली होती. मंडळाचा शिक्का, अध्यक्षांची सही, रक्कम अक्षरी. कारण लिहिलं होतं "शिस्तभंग". वकिलाने ती पावती पाहिली आणि खुर्चीतून उठून नाचायचाच बाकी राहिला 😄

निवृत्त_फौजदार

हसू नका, असं खरंच होतं. गावकीची वही, जमाखर्च, बैठकीची नोंद, हे सगळं नीट लिहून ठेवलेलं असतं. आपण काही गैर करतोय असं पंचांना वाटतच नाही ना! ती वही जप्त होणं फार महत्त्वाचं. ती गायब होण्याआधी गुन्हा नोंदला जायला हवा.

चाकरमानी_ठाणे

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. हल्ली गावातल्या निम्म्या बहिष्कारांचा आदेश मुंबईतून सुटतो. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "अमुक कुटुंबाशी संबंध ठेवणाऱ्यास 5000 दंड" असा मेसेज पडतो, त्या घरातल्या पोरांना ग्रुपमधून काढतात. मेसेज करणारा नालासोपाऱ्यात, त्रास गावात. अशा वेळी तक्रार कुठे?

नीलाक्षी_द

कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवाच, पण मूळ फोनही जपा, बदलू नका, विकू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं (पूर्वीचं 65-ब, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63). ग्रुपमध्ये अजून असलेला एखादा नातेवाईक साक्ष द्यायला तयार झाला तर बाजू फार भक्कम होते.

पालावरची

सगळे प्रतिसाद वाचले. माझी बाजू जरा वेगळी आहे.

मी भटक्या समाजातली. आमच्याकडे गावकी नाही, जातपंचायत. काडीमोड, लग्न, उसनवारी, भांडण, सगळं पंचांपुढे. माझ्या मावशीचा काडीमोड पंचायतीत झाला. तिला बोलूच दिलं नाही, तिच्या वतीने तिचा दीर बोलला! दंड तिच्या माहेरच्यांनी भरला, त्यासाठी म्हैस विकली. हे मी विसरणार नाही.

तरीही आमची माणसं पंचायतीकडे का जातात, तेही ऐका. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी आमच्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून पालावरच येते. ज्या ठाण्यात आजोबाला मारलं त्या ठाण्यात नात तक्रार घेऊन कशी जाईल? पंच वाईट असले तरी आमच्या भाषेत बोलतात, रात्रीत निकाल देतात. कोर्टाच्या तारखेला जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून नुसतं "कायदा आहे, तक्रार करा" म्हणून भागत नाही. आमच्याकडे बदल सुरू झाला तो माणसं पालावर आली तेव्हा. 2013 मध्ये नाशिकला आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापाने खून केला. त्यानंतर अंनिसने (अंधश्रद्धा निर्मूलन समितीने) जातपंचायतीला मूठमाती द्यायचं अभियान सुरू केलं. अंनिसचे संस्थापक डॉ. दाभोलकर यांचा त्याच ऑगस्टमध्ये खून झाला, तरी कार्यकर्ते थांबले नाहीत. ते पंचांशी भांडत नव्हते, पंचांबरोबर बसून बोलत होते. काही पंचायतींनी स्वतःहून बरखास्ती जाहीर केली. कंजारभाट समाजातल्या तरुण पोरापोरींनी 2018 मध्ये कौमार्य चाचणीविरुद्ध उघडपणे आवाज उठवला तेव्हा त्यांना मारहाण झाली, बहिष्कार झाला, पण बोलणं थांबलं नाही.

आबा_पाटणकर

पालावरची, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मावशीला बोलूच दिलं नाही, हे वाचून थांबलो. आमच्या गावकीच्या बैठकीतही बायका नसतात. विधवा बाईच्या घराचा निर्णयसुद्धा तिच्या गैरहजेरीत होतो. हे बदललंच पाहिजे, आणि मी पुढच्या बैठकीत हे बोलणार.

मीरा_सांगली

आबा, बोलाच. आणि काय झालं ते इथे लिहा.

कोरडवाहू

जरा विषयांतर. 2007 मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचं काय? आमच्याकडे तंटामुक्ती समितीने बांधावरचे कितीतरी वाद मिटवले. गावात मिटवणं आणि गावकीने मिटवणं यात फरक काय?

नीलाक्षी_द

चांगला प्रश्न. तंटामुक्ती समिती समेट सुचवू शकते, दंड करू शकत नाही. समेट मान्य नसेल तर तुम्ही उठून कोर्टात जाऊ शकता आणि दुसऱ्या दिवशी गिरणीवाला तुमचं दळण दळून देतो. फरक एवढाच आणि तोच सगळा आहे. लोकअदालतीतही दोन्ही बाजूंची संमती असेल तरच तडजोड होते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तरेकडच्या खाप (जात-गोत्राच्या) पंचायतींबद्दल हेच सांगितलं: दोन सज्ञान माणसांच्या लग्नात ढवळाढवळ करायचा अधिकार कुठल्याच जमावाला नाही.

किरण१९७१

पण संस्थांच्या संथपणाबद्दलही बोला ना. दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 ला झाला. विशेष न्यायालयाचा निकाल आला 10 मे 2024 ला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. एवढ्या गाजलेल्या प्रकरणाला जवळपास अकरा वर्षं लागत असतील तर डोंगरवाट यांच्या सहकाऱ्याने कशावर भरवसा ठेवायचा? सहा महिन्यांत खटला संपवा हे कलम मला तरी कागदावरचं वाटतं.

निवृत्त_फौजदार

किरण, राग रास्त आहे. पण बहिष्काराच्या प्रकरणात शिक्षेपर्यंत जायच्या आधीच बराच फरक पडतो. गुन्हा नोंदला आणि पंचांना ठाण्यात बोलावलं की अनेकदा बहिष्कार मागे घेतला जातो. पंचांना तुरुंगापेक्षा कोर्टाच्या चकरांची आणि नोकरी-पासपोर्टच्या अडचणींची भीती जास्त. कायद्यात तडजोडीचीही सोय आहे, मात्र ती पीडिताच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने. म्हणजे तडजोडीची चावी पहिल्यांदाच बहिष्कृत माणसाच्या हातात येते. हे काही लहान नाही.

पालावरची

फक्त त्या संमतीवर लक्ष ठेवा. रात्री घरी येऊन पायावर डोकं ठेवून, नाहीतर पोरीच्या लग्नाची भीती घालून संमती घेतात. त्या वेळी बाहेरचं कोणीतरी शेजारी बसलेलं हवं.

विधी_स्वयंसेवक

उशिरा आलो, पण मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्या कामातलं आहे म्हणून लिहितो.

डोंगरवाट, पहिलं दार म्हणून मी तालुका विधी सेवा समितीचं नाव घेईन. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, 1995 पासून लागू. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, मुलं, कोठडीतली माणसं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अर्ज वहिनींच्या नावाने करा, म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालावे लागणार नाहीत. तलाठीही त्याच गावकीतला असतो बऱ्याचदा! 15100 हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

ही समिती आधी धरायचं कारण सांगतो. तिथून अर्ज गेला की तो कोर्टाच्या आवारातून आलेला कागद असतो, ठाण्यात त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. अर्ज लिहून द्यायला माणूस मिळतो. आणि ठाण्यात जाताना आमच्यासारखा स्वयंसेवक बरोबर येऊ शकतो. एकटा माणूस गेला की त्याला बाकावर बसवून ठेवतात. दोघं गेले आणि दुसऱ्याच्या हातात कायद्याची प्रत असली की संवाद बदलतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. सोबत जिल्ह्यातल्या अंनिसच्या शाखेलाही कळवा. आमचं काम कागदाचं, त्यांचं काम गावात जाऊन बसण्याचं. एक झालं आणि दुसरं नाही, तर प्रकरण मध्येच लटकतं.

बैठक पुन्हा बसणार असल्याची कुणकुण लागली तर लगेच कळवा. बहिष्कारासाठी बसणारी बैठक आधीच रोखायचे अधिकार कायद्याने दिलेले आहेत.

डोंगरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सहकाऱ्याला धागा वाचून दाखवला. वहिनी शेजारीच होत्या. तारीखवार टिपण काढायचं म्हटल्यावर त्यांनीच कालनिर्णय काढून आणलं. प्रत्येक नकार त्यांनी त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवलाय: "दळण नाही", "दूध नाही", "हळदीकुंकवाला बोलावणं नाही". आम्हा दोघांना याची कल्पनाच नव्हती.

सोमवारी विधी सेवा समितीत जातोय. अर्ज वहिनींच्या नावाने. मी बरोबर असेन.

फौजदारसाहेब, एक शंका राहिली. कॅलेंडरवरच्या नोंदी अर्जात उतरवायच्या की कॅलेंडरच जोडायचं?

निवृत्त_फौजदार

अर्जात उतरवा आणि कॅलेंडरची छायाप्रत जोडा. मूळ कॅलेंडर कोणालाही देऊ नका, मागितलं तर पंचनामा करून रीतसर जप्तीची प्रत घ्या. आणि त्या नोंदींवर आता पेन फिरवू नका, पेन्सिलीच्या आहेत तशाच राहू द्या.

विधी_स्वयंसेवक

सोमवारी कोर्टाचं काम 11 नंतर सुरू होतं, साडेदहाला पोचा. आधार कार्डाच्या दोन प्रती आणि दिवाणी दाव्याची प्रत बरोबर ठेवा, कारण दंड त्या दाव्यामुळेच लावला हे अर्जात पहिल्या परिच्छेदातच यायला हवं. तालुका कोणता ते मला व्यक्तिगत संदेशात कळवा, जवळचा स्वयंसेवक बघतो.